अँटिबॉडी काहून वाढल्या

राइट टाउनच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नंबरची वाट पाहत होते. मागच्या बाकावर एक सासू आणि तिची सून.

"मागच्या महिन्यातच तर रक्त काढलं, विनीता. पुन्हा काहून?"

"ल्युपसच्या अँटिबॉडी वाढल्या, आई. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणखी एकदा पाहू."

"गोळ्या घेऊन राहिली ना? मग वाढल्या कशा?"

"लॅबवाल्यांची गलती असंन."

"अच्छा, लॅबवाल्यांची! मग गोळ्यांच्या ह्या भरलेल्या पट्ट्या तुझ्या गादीखाली कशा आल्या?"

"हळू बोला ना. लोक ऐकून राहिले."

"ऐकू दे. मागच्या साली ह्याच आजारानं किडनीवर सूज आली होती, विसरली? काहून बंद केल्या?"

"ह्या गोळ्या चालू असताना दिवस गेले तर बाळाला धोका असतो. आणि तुम्ही तर रोज नातवाचं काढता."

आता सासूचाच आवाज खाली आला.

"मॅडमला विचारून बंद केल्या?"

"नाही. त्या रागावल्या असत्या."

आतून हाक आली, "विनीता जी, अंदर आइए!"

"जा, रक्त देऊन ये. मग मॅडमकडे मीपण येते. बाळाचं मी विचारीन, तू गोळ्यांचं खरं सांग."