हरकत आहे

आई : थांब. 'इथे एक आणि इथे एक' काय? आधी कशावर सही करतेय ते तर कळू दे.

मुलगा : अगं, विम्याचंच आहे. बाबांची गाडी आता तुझ्या नावावर झाली ना, मग पॉलिसीही नवी करायला हवी. आपलं बोलणं झालंय यावर.

आई : तू फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलत होतास आणि मधेच मान वळवून मला सांगितलंस. त्याला बोलणं म्हणत नाहीत. एजंटसाहेब, तुम्ही सांगा बघू.

एजंट : अगदी सोपं आहे, वहिनी. पहिला कागद तुमच्या गाडीचा. त्यात आपण थर्ड पार्टी घेतोय. म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्या कुणाला लागलं, कुणाचं नुकसान झालं, तर कंपनी भरून देणार.

आई : आणि माझ्या गाडीचं काही झालं तर?

एजंट : ते त्यात येत नाही.

आई : चोरीला गेली तर?

एजंट : तेही... नाही.

आई : म्हणजे साऱ्या जगाचं भरून मिळणार, मी सोडून! ह्यांच्या वेळी तर काचेपासून चाकापर्यंत सगळं होतं.

एजंट : तेव्हा फुल कव्हर होतं. आता काय आहे ना वहिनी, सत्तरी उलटली की कंपनी जरा हात आखडता घेते. हप्ता चढतो, डोळ्यांचं सर्टिफिकेट मागतात...

आई : हे घ्या सर्टिफिकेट. मागच्याच महिन्यात काढलंय. लायसन्सही नवं करून आणलंय. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली माझ्या, आता समोरच्या इमारतीवरची पाटी इथून वाचते. वाचून दाखवू?

मुलगा : आई, हळू. ऑफिसातले लोक बघतायत.

आई : बघू देत. त्यांचेही डोळे चांगले आहेत म्हणायचे.

मुलगा : अगं, पण फुल कव्हर तुला लागतंय कशाला? बाबा गेल्यापासून गाडी नुसती खाली उभी आहे.

आई : कोण म्हणालं उभी आहे? मावशीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला कोण नेतं?

मुलगा : टॅक्सी करता ना तुम्ही?

आई : टॅक्सीवाला तिला धरून तिसऱ्या मजल्यावर नेईल? चार तास बाहेरच्या बाकावर बसून राहील? आठ महिने नेतेय मी तिला. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. बरं, हा दुसरा कागद कसला?

मुलगा : तो असाच, फॉर्मॅलिटी.

आई : तुला नाही विचारलं.

एजंट : ना हरकत आहे, वहिनी. साहेबांच्या नावावर इतकी वर्षं एकही क्लेम नाही, त्यामुळे हप्त्यात मोठी सूट मिळते. माणूस गेला की ती वारसाला जाते. वारस तुम्ही दोघं. तर ही सूट मुलाच्या गाडीला दिली तर तुमची हरकत नाही, एवढंच लिहून द्यायचं.

मुलगा : तुझ्या जुन्या गाडीवर ती वायाच जाणार, आई.

आई : आणि तुझी स्वतःची सूट कुठे गेली?

मुलगा : होती. म्हणजे...

एजंट : दोन वर्षांत तीन क्लेम झाले ना त्यांचे.

मुलगा : त्यातला एक गाडी पार्किंगमध्ये उभी असताना झालाय!

आई : वा! म्हणजे ठोकणार तू आणि सूट खाणार माझी.

मुलगा : तुझी कुठे? बाबांची आहे ती.

आई : परत म्हण.

मुलगा : कागदावर तरी बाबांचीच आहे, आई.

आई : बाबांना गाडी येत होती?

एजंट : म्हणजे काय वहिनी? साहेबांना गाडी येत नव्हती?

आई : आठ दिवस शिकले. नवव्या दिवशी मागे घेताना फाटकाचा खांब आडवा केला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. स्वतः जाईपर्यंत ती परत मागितली नाही. एकतीस वर्षं मी चालवली गाडी. ह्यांना ऑफिसला मीच सोडायचे. तेही दारापर्यंत नाही हं. अलीकडच्या वळणावर उतरायचे आणि पुढे चालत जायचे. बायको सोडते हे दिसायला नको कुणाला.

एजंट : अहो, पण मी दरवर्षी घरी यायचो! दरवर्षी म्हणायचो, साहेब, तुमच्याइतका जपून गाडी चालवणारा माणूस माझ्या अख्ख्या यादीत नाही.

आई : म्हणायचात. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे तिथेच.

एजंट : आणि साहेब हसायचे.

आई : हसायचे! तुम्ही यायला लागल्यापासून सव्वीस वर्षं नुसते हसले. एकदा तरी म्हणावं ना माणसाने, अहो, ही चालवते. काय झिजलं असतं त्यांचं? मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मला राग येतो. आत्ताही येतोय.

मुलगा : मग तू का नाही बोललीस तेव्हा?

आई : परक्या माणसासमोर नवऱ्याला तोंडघशी पाडू नये, एवढंच कळत होतं मला. चुकलंच माझं. पण तुला तर सगळं ठाऊक होतं! शाळेत कोण सोडायचं तुला? क्लासला? हात मोडला तेव्हा?

मुलगा : तू.

आई : आणि मलाच इथे आणलंस, माझीच वर्षं तुला लिहून द्यायला.

मुलगा : असं नाही गं. मला वाटलं, हळूहळू बंदच करशील तू चालवणं. भीती वाटते मला, आई. बाबाही नाहीत आता.

आई : मग भीती वाटते असं म्हण. ये एकदा, शेजारी बस, बघ मी कशी चालवते. चुकले तर तोंडावर सांग, ऐकून घेईन. ज्या दिवशी मलाच खात्री वाटणार नाही, त्या दिवशी किल्ली ठेवून देईन. पण असं कागद सरकवून नाही. एजंटसाहेब, माझी हरकत आहे. तसं लिहायला जागा आहे का ह्यावर?

एजंट : लिहायची गरजच नाही. सही केली नाहीत की झालं.

आई : मग नाही करत. फुल कव्हर द्या मला, माझी सूट धरून. आणि शेजारी बसणाऱ्याचाही विमा घाला. बहीण बसते तिथे.

एजंट : हप्ता चढेल बरं का.

आई : चढू दे. विचारून झालंय माझं दुसऱ्या दोन ठिकाणी, आकडे माहीत आहेत मला.

एजंट : पण मग सूट तुमच्या नावावर करायला मुलाची ना हरकत लागेल.

आई : ऐकलंस ना?

मुलगा : द्या पेन.

(मुलगा सही करतो. एजंट नवा फॉर्म काढून भरू लागतो, आणि मध्येच थांबतो.)

एजंट : वहिनी, ह्यात एक रकाना असतो. गाडी मुख्यतः कोण चालवतं. इतकी वर्षं तो मीच ऑफिसात बसून भरत आलो. कधी कुणाला विचारलं नाही.

आई : मग आता विचारा.

एजंट : आता माहीत आहे की मला.

आई : तरी विचारा.

एजंट : गाडी कोण चालवतं, वहिनी?

आई : मी.