गजराबाईच्या हॉटेलातला चहा

ऐका आता, आणि मधे कुणी खोकू नका. एकदाच सांगेन.

आपला तुळशीराम, हैबती ड्रायव्हरचा पोरगा. दिवेलागण झाल्यावर जीप काढली. मागं त्याची पाच वर्षांची लेक मनू, अंग तापानं फणफणलेलं. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची होती. बोगद्यापाशी टँकर उलटलेला, गाड्यांची ही रांग! मग ह्यानं काय करावं? जुन्या बावखोल घाटात गाडी घातली. बोगदा झाल्यापासून तिकडं काळं कुत्रं फिरकत नाही.

लहानपणी बापाच्या ट्रकमधून त्यानं हा घाट कितीदा चढलेला. खुणा सगळ्या पाठ. वर गजराबाईचं हॉटेल. तिथं ड्रायव्हर चहाचा पहिला घोट गाडीच्या पुढच्या चाकावर ओतायचे, घाटाचा मान म्हणून. मगच प्यायचे.

पहिल्या वळणावर पंक्चरवाल्यानं चिंचेला टांगलेला टायर दिसला. बरं वाटलं त्याला. पुढं हत्तीदगड, चुना फासलेला. चुना ओला! कोण फासणार हो तिथं? पण ह्याच्या डोक्यात येईल तर शपथ.

मग हॉटेल. कंदील लावलेला, चहा उकळतोय. गजराबाई कधीच मेलेली, हॉटेल पाडलेलं, सगळं ठाऊक होतं त्याला. तरी ब्रेक दाबला. बाकावर त्याचा मेलेला बाप बसला होता ना!

"तुळश्या, नात दाखव की रे. बघितलीच नाही मी."

पोरीला शालीत गुंडाळून निघाला. दोन पावलं उरली, आणि बापानं कप तोंडाला लावला. चाकावर थेंबही न ओतता घटाघटा प्यायला.

अहो, हैबतीनं शेवटच्या दिवशी दवाखान्यातसुद्धा पहिला घोट खाटेच्या चाकावर ओतला होता. नर्स ओरडली होती त्याच्यावर, गावभर झालं होतं ते!

तुळशीराम मागं सरला. ते बसल्या जागेवरून हलेना, हात मात्र लांबला. लांबला, लांबला, मनूचा पाय धरला. ह्यानं हिसका मारला, जीपमधे घुसला, गाडी उतारावर सोडली. मागून बापाचाच आवाज.

"मरतानाही नव्हतास जवळ. आताही टाकून चाललास?"

हे मात्र खरं होतं. तेव्हा तो भाडं घेऊन नागपूरला गेला होता. रडत रडत गाडी हाकली त्यानं.

पोर वाचली. घोट्यावर काळी बोटं आहेत अजून. पण तुळशीराम बापाची आठवण काढायला गेला, की तो चहा ढोसणाराच समोर येतो. खरा चेहरा काही केल्या आठवत नाही. फोटोतसुद्धा तोच दिसतो म्हणतो.

म्हणून सांगते, रांग असली तर रांगेत बसा. त्या घाटात जाऊ नका. तुमचंही कुणीतरी गेलेलं असेलच की.