मागून चिरलेली श्वासनळी

माननीय अध्यक्ष, अधिष्ठाता डॉक्टर रिफअत; टांटाहून मुद्दाम आलेले डॉक्टर फिक्री; सत्कारमूर्ती डॉक्टर वगदी; आणि बसबूसा मिठाईच्या ताटांकडे डोळे लावून बसलेले विद्यार्थीमित्रहो,

श्वास घेताना ‘आता पुरे’ असं मेंदूला कोण सांगतं? श्वासनळ्यांच्या भिंतींतली मज्जातंतूंची टोकं. भिंत ताणली की ती जागी होतात. ती कुठे दाट, कुठे विरळ, हे शोधण्यात वगदी सरांनी अलेक्झांड्रियात उमेदीची वर्षं घालवली. मोठ्या नळीत जवळपास नाहीत, आतल्या फांद्यांत आहेत, हा त्यांचा निष्कर्ष. त्याच निबंधावर त्यांची प्राध्यापकपदाची बढती ठरत आली होती.

मी त्यांची विद्यार्थिनी. आणि माझ्या प्रबंधात मोठ्या नळीतच ती दाटीवाटीने निघाली!

तोंडी परीक्षेत डॉक्टर फिक्री माझ्यावर घसरले. (साहेब, हसताय म्हणजे आठवतंय.) “अगं बाई, गुरूंना दिसलं नाही ते तुला बरं दिसलं! चष्मा कुठून घेतलास?” पदवी गेली, असं मी धरूनच चालले.

सर शांतपणे म्हणाले, “नीवीन, मेंढीची नळी आण. कापून दाखव.”

नळीच्या कडक कड्या मागच्या बाजूला जुळत नाहीत; तिथे स्नायूची मऊ पट्टी असते. आमच्याकडची रीत अशी, की नळी मागूनच चिरायची, म्हणजे कात्री बोथट होत नाही. मग कडा चुरगळतात, म्हणून त्या छाटून टाकायच्या. मला त्या चुरगळलेल्या कडा बघवत नसत. मी समोरून, कड्या तोडत कापली.

सर बघत राहिले. “म्हणजे टोकं त्या पट्टीतच होती. आणि मी ती इतकी वर्षं केराच्या बादलीत टाकत आलो.”

डॉक्टर फिक्री गडबडले. “अहो वगदी, तुमच्या बढतीची बैठक तोंडावर आलीय! हे आत्ता कशाला?”

“मग काय, पोरीला नापास करताय? कोणाला तरी करायचंच असेल तर मला करा. निबंध मी आजच मागे घेतो.”

आणि घेतला. मी पास झाले. पुढे प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले. सरांची बढती गेली ती गेलीच. पुन्हा कोणी विषयही काढला नाही. आज ते सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त होताहेत, माझ्या हाताखालून. सर, मला याचं फार वाईट वाटतं.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर माफ करा. सरांचा राखायचा मात्र आम्हा सगळ्यांकडूनच राहिला. त्याची माफी मी मागत नाही. तो हक्क आम्हाला नाही.