पहिल्या मजल्यावरची चिचुंद्री

चूक बाबांची. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी ‘पण तुझंही काहीतरी चुकलंच असेल’ असं सुरू करायला नको. चूक माझ्या वडिलांची, त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाची, आणि बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं सरकत्या पट्ट्यावर पहारा देऊन जमवलेल्या त्या एकुलत्या एक अकलेची, की थांबलेलं मशीन म्हणजे पाप. पण मारलं कुणी? चिचुंद्रीनं. हसा, हसून घ्या.

तुम्हाला सांगतो, हा खेळ म्हणजे एक भुयार. सव्वीस मजले खाली उतरायचं, तळातला लाल हिरा उचलायचा आणि तेच सव्वीस मजले परत चढून बाहेर पडायचं. चित्रं नाहीत, गाणी नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, आणि मेलात की मेलात, फाइलसकट पुसले जाता, परत पहिल्यापासून. कॉलेज सोडल्यापासून अकरा महिने मी एकच माणूस जगवत होतो हो! नऊ डोक्यांचा साप मारला, आग ओकणारे तीन राक्षस आडवे केले, आणि घरात काय ऐकत होतो, तर ‘अजून त्या डबड्यासमोरच का?’

आता ही चिचुंद्री. खेळात पाऊल टाकल्याटाकल्या भेटते. जीव किती, तर तीन गुण. चावली तर तुमचा एक गुण कमी. तिला मारून कुणी फुशारकी मारत नाही, तिच्यावर बाण वाया घालवला तर स्वतःचीच लाज वाटते. आमच्या घरात माझा जो दर्जा तोच तिचा तिथं, जाता-येता लाथ घालायची आणि पुढं व्हायचं.

तर एका छोट्या कंपनीत खेळ तपासायला माणूस हवा होता. तिथल्या मॅडम म्हणाल्या, डिग्री नसली तरी चालेल, चिकाटी दाखव. शुक्रवारी पाचच्या आत हा खेळ पुरा कर, शेवटचं पान पाठव, सोमवारी कामावर ये. आणि नाही जमलं तर? तर सोमवारी मामाचं दुकान. मामा संडासाची भांडी विकतो. बाबांनी त्याला शब्द देऊनही टाकला होता, मला न विचारता... जुनं कपाट कुणाला देऊन टाकतात ना, तसं.

शुक्रवार, दुपारचे चार. हिरा झोळीत. पंचवीस मजले चढून पहिल्यावर आलेलो, बाहेरचा जिना सात पावलांवर. जीव मात्र ब्याण्णवपैकी चारच उरलेला, दुसऱ्या मजल्यावर भिंतीतून बाण सुटले होते. झोळीत औषधाची एक बाटली होती, पण पहिल्या मजल्यावर औषध कोण पितं हो? तिथं असतं काय? चिचुंद्री! आणि ती होतीच, तीन पावलांवर, मिश्या हलवत... ते असू दे. चूक बाबांची.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची हाक, गच्चीवर जा, टाकी भरली का बघ. मी निवांत उठलो. कारण या खेळाची खुबीच ती, तुम्ही बटण दाबल्याशिवाय तिथं काही म्हणजे काही हलत नाही. तुम्ही थांबलात की जग थांबतं. जेवून या, झोपून या, चिचुंद्री उचललेला पाय तसाच धरून उभी. तरी जाताना म्हटलं, “बाबा, हात लावू नका.” पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “आम्ही कशाला लावतोय?”

टाकी अर्धीसुद्धा भरली नव्हती. खाली येतो तर बाबा माझ्या खुर्चीत, छाती पुढं काढून, पट्टा बंद पडल्यावर तिथं बसत असतील तसे.

“घे,” म्हणाले. “अडकलं होतं. चालू केलं मी.”

एंटर. नऊ वेळा. आणि एंटर म्हणजे त्या खेळात काय, माहितीये? घटकाभर विसावा! म्हणजे माझा पठ्ठ्या, तीन राक्षसांचा काळ, कमरेला तलवार लटकवून तिथं उभा राहिला, विसावा घेत. चिचुंद्री आली, तीन पावलं. चार वेळा चावली. दोनदा तर तिचा नेमही चुकला, एवढीशी तिची लायकी! पडद्यावर शेवटचं पान: ‘चिचुंद्री चावून मेला. पहिला मजला.’

मी म्हटलं, ते अडकलं नव्हतं, वाट बघत होतं.

“कुणाची?”

“माझी.”

“मग तू कुठं होतास?”

“टाकीवर.”

“मग!” म्हणाले बाबा, आणि उठून पेपर शोधायला लागले. या ‘मग’ला उत्तर आहे तुमच्याकडं? आई हात पुसत बाहेर आली, म्हणाली, “एवढं काय त्यात, परत खेळ. सव्वीस मजलेच तर आहेत.”

पाचला दहा मिनिटं असताना मॅडमना ते पान पाठवलं. सोबत सगळं लिहिलं, बाबा, टाकी, एंटर, एकतीस वर्षांचा पट्टा. म्हटलं, बाई यातली जाणकार आहे, हिरा बघेल, समजून घेईल. त्या पानावर हिऱ्यासोबत झोळीतल्या बाकीच्या वस्तूंचीही यादी असते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मॅडमचं उत्तर एका ओळीचं: ‘औषधाची बाटली शिल्लक दिसतेय. प्यायलास का नाही?’

काय लिहायचं? की समोर चिचुंद्री होती म्हणून?

अकरा महिने गेले, नोकरी गेली. सोमवारपासून मामाच्या दुकानात भांडी पुसतोय. पहिल्या मजल्यावर.