विमलाबाईंच्या डोळ्यातलं इंजेक्शन

नाही नाही, इंजेक्शनला माझी ना नव्हतीच... पण एवढं जवळ जाऊन बघतात का हो? तुम्हाला सांगतो, मी हिंमतराव, मार्केट यार्डात पोती वाहिलेला माणूस, बोलायची सवय नाही, पण आज राहवेना! आमच्या हिच्या, विमलाबाईंच्या, उजव्या डोळ्यात आतवर विषाणू शिरला. कर्वेनगरच्या दवाखान्यात म्हणाले, नवं औषध आहे, सुईनं थेट डोळ्यात द्यायचं, सशांना बाधलं नाही, आता माणसांना बाधतं का ते बघायचंय. ही लगेच तयार! घाम मला फुटला.

सुई देणार डॉक्टर अभिनव. मुलगा देखणा, हात मऊ... हे मी नाही, ही म्हणते! दर खेपेला डोळा तपासायच्या यंत्राच्या अलीकडे ही, पलीकडे तो, नाकाला नाक लागेल इतकं! "आजी, माझ्याकडे बघा. काही त्रास?" "नाही रे बाळा!" अहो, लग्न झाल्यापासून माझ्याकडे एवढा वेळ बघितलं नाही हिनं! आणि त्रास होतो का, हे मला कुणी विचारलं?

घरी जाताना विश्रांतवाडीपर्यंत बसमध्ये तेच. अभिनव असं म्हणाला, अभिनव तसं हसला... आमचा पोरगा कॉम्प्युटरच्या कंपनीतून फोन करतो, त्यालाही अभिनवच ऐकवते! मला कुणी विचारलं?

आज चांगला डोळा झाकून तपासणी. समोर नर्सबाई. डॉक्टर विचारतो, "ह्या कोण?" "उत्कर्षा!" "मी कोण?" "अभिनव!" कसं खणखणीत! मग माझ्याकडे बोट, "आणि ते कोण?"

गप्प! परत विचारलं. ही मान खाली घालून पदराशी चाळा करतेय. डॉक्टरचा चेहरा पांढराफटक. "दिसत नाही आजी? औषध बाधलं... पुढची सुई बंद!" गेला डोळा हिचा! आणि मग डोक्यात उजेड पडला... अहो, ही नवऱ्याचं नाव घेत नाही! जन्मात घेतलं नाही! म्हटलं, "अगं, घे की एकदा, डोळ्यासाठी तरी!" तर म्हणते, "चारचौघांत? काहीतरीच तुमचं!" परक्या पोराचं चालतं, आणि माझं...!

शेवटी म्हणाली, "दिसतात की. डाव्या गालावर दाढी राहिलीय, शर्टाचं बटण खालीवर लागलंय, आणि सकाळपासून तोंड फुगलंय."

डॉक्टर खूश. "नजर उत्तम! मग आजी, इंजेक्शनचा काही त्रास?"

"मला नाही," ही म्हणाली, "ह्यांना होतोय."

आणि त्या पोरानं, तुम्हाला सांगतो, तेही लिहून घेतलं!