बिननावाची चिठ्ठी

हे दामोदरले सांगू नका बा. जाळं मीही जनमभर टाकलं, पण गाव विचारते त्यालेच.

कॉलेजातली मॅडम आली. दामोदर धरून आम्हा सात जुन्या मासेमारांले म्हणाली, "तलावाचं पाणी कवापर्यंत पुरन, कारणासकट चिठ्ठीवर लिहा. नाव टाकू नका."

नाव नाही म्हणून मी खुश! मॅडमनं चिठ्ठ्या वाचून दाखवल्या अन् पुन्हा लिहाले लावलं. एकीत होतं, "झरे चालू आहेत, जेठ महिन्यापर्यंत पुरन." मले पटलं. दुसऱ्या फेरीत मी माझा चैत सोडून जेठ लिहिला. तिसऱ्या फेरीत साऱ्यांचाच जेठ.

दामोदर हासला, "ते झऱ्याची चिठ्ठी माझीच होती."

तवापासून तलाव जेठाच्या आधीच आटते का, ते पाहाले मी रोज सकाळी जातो. बायको म्हणते, "अवो, त्यात मासे आपलेही आहेत ना!"