सात तबकड्या माझ्या दुकानात कशा आल्या, त्याबाबत

जबाब. दि. ०५/०२/२०२५

मी, हनीफ चांदभाई मुलाणी, वय ४९ वर्षे, धंदा भंगार खरेदी-विक्री, शिक्षण सातवी, जिल्हा परिषद शाळा महाळुंगे, सध्या रा. गावठाण, पुनावळे. आज पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर माझं बावीस वर्षांपासून भंगाराचं दुकान आहे. दुकानाची एक रीत आहे. माल वेगळा करताना देवाचं चित्र किंवा पाक नाव असलेला कागद आला, तर तो काट्यावर चढवत नाही. उर्दू-अरबी कागद मशिदीतल्या पेटीत जातात. देवांची कॅलेंडरं, लग्नपत्रिका एका पोत्यात ठेवतो. दर अमावास्येला भैरवनाथाच्या देवळातले गुरव चिमाजी ते पोतं नेतात आणि विसर्जन करतात. ही रीत वडिलांपासून आहे.

दि. १२ जानेवारी, रविवार, सकाळी अकराच्या सुमारास चाळिशीचे एक गृहस्थ पांढऱ्या गाडीतून दोन खोकी घेऊन आले. घराला रंग द्यायचा आहे, म्हणाले. एका खोक्यात वर्तमानपत्रं होती. दुसऱ्यात सात मोठी चौकोनी पाकिटं आणि त्यांत गाण्याच्या काळ्या तबकड्या. आमच्या धंद्यात पाकीट पुठ्ठ्यात जातं आणि तबकडी प्लास्टिकमध्ये. प्लास्टिक चाकणकडे दळायला जातं.

सगळ्यांत वरच्या पाकिटावर आठ हातांची बाई होती. मागे सूर्य, प्रत्येक हातात एक वाद्य. मी म्हणालो, "साहेब, ही देवी आहे. घरी घेऊन जा." ते हसले. "देवी नाही हो भाऊ, अमेरिकेतला बँड आहे. सत्तरच्या सालातला. टाका बिनधास्त." मला टाकवलं नाही. बाकीच्या सहांवर बाई नव्हती, पण सातही पाकिटांवर एकच नाव एकाच वळणाच्या अक्षरात होतं. एका घरातली आहेत असं समजून सातही तबकड्यांसकट पोत्यात ठेवली. त्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नाही.

दि. ३ फेब्रुवारीला दुपारी साबिया माझ्या दुकानात आली. ती वाकडच्या एका सोसायटीत पाच घरी काम करते. विचारल्यावरून सांगतो की, ती माझ्या नात्यातली नाही. तिचा नवरा आमच्या मशिदीत येतो, एवढीच ओळख. ती म्हणाली, अण्णासाहेब भोईटे यांच्या घरच्या तबकड्या गेल्या आणि त्यांच्या मुलाने तिच्या नावावर चोरीची तक्रार दिली. सोसायटीच्या मोबाइलवरच्या यादीत तिचं नाव बंद झालं, म्हणून बाकीच्या चार घरीही गेटमधून सोडत नाहीत. सकाळपासून ती एकेक भंगारवाला विचारत फिरत होती. "चाचा, मी रोज पुसायची त्या. अण्णा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. मी नेऊन करणार काय? वाजवायला तरी काय आहे माझ्याकडे?" असं म्हणाली. एकावर आठ हातांची बाई आहे, हे तिने मी न विचारता सांगितलं.

अमावास्या होऊन पाच दिवस झाले होते. मी लगेच देवळात गेलो. सातही पाकिटं चिमाजींच्या खोलीत फळीवर होती. बाईपुढे झेंडूचं फूल होतं. चिमाजी म्हणाले, "हनीफ, मी आठी हात मोजले. पर एका हातात पिपाणी. आपल्या कुठल्या देवीच्या हातात पिपाणी हाय, सांग बरं?" मग पाण्यात का नाही सोडली, असं विचारल्यावर म्हणाले, "आपली न्हाई, व्हय. पर कुणाची तरी असंल की." प्रत्येक पाकिटाच्या मागे अण्णासाहेबांची सही आणि साल होतं. पहिलं १९७३, शेवटचं १९७९.

दि. ४ फेब्रुवारी, दुपारी चार वाजता मी पाकिटं घेऊन वाकडला गेलो. साबिया गेटबाहेर थांबली. वर दार उघडलं ते १२ जानेवारीच्याच गृहस्थांनी. ते अण्णासाहेबांचे चिरंजीव दिग्विजय. त्यांनी मला ओळखलं, मीही ओळखलं. मागे अण्णासाहेब उभे होते. ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे मुलीकडे होते, असं नंतर समजलं.

अण्णासाहेबांनी सातही तबकड्या उजेडाला धरून पाहिल्या. ते पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. पहिली तबकडी मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरने दिली, बाकीच्या त्यांनी स्वतः मागवल्या. म्हणाले, "पहिल्या रेकॉर्डवर सहा जण आहेत. शेवटच्यावर त्यातले दोनच. पण नाव बदललं नाही." मग एक लावली. मी गाणी ऐकत नाही, पण बसलो. ढोल आणि एक जाड तारेचं वाद्य एका ठेक्यात चाललं होतं, वरून पिपाणीसारखं काही आलं. मध्येच सगळे थांबले. अण्णासाहेबांनी बोट वर धरलं. बोट खाली आलं तसे सगळे एकदम सुरू झाले. "पन्नास वर्षांत एकदाही चुकले नाहीत," ते म्हणाले.

बाजू संपल्यावर त्यांनी सुई उचलली. दिग्विजय तेव्हा खोलीत नव्हते. अण्णासाहेब म्हणाले, "हनीफभाई, डोळा नवा आहे. दारात तुम्हा दोघांचे चेहरे पाहिले मी. तक्रार मागे घ्यायला लावतो. मुलाचं नाव कागदावर येऊ देऊ नका."

मी सांगितलं की, तक्रार मागे घेतली तर तिला माफ केलं असा अर्थ होईल. तिने चोरी केलेलीच नाही. तसं कागदावर आल्याशिवाय तिला गेटमधून कोणी आत सोडणार नाही. तबकडी पाकिटात घालायला त्यांना वेळ लागला. असरची वेळ झाली म्हणून मी उठलो.

नमाजेनंतर मी मशिदीत बराच वेळ बसून होतो. त्याबाबत अधिक सांगायचं नाही. तबकड्या माझ्या दुकानात दिग्विजय यांनी स्वतः आणून दिल्या. साबियाने चोरी केलेली नाही.

वरील मजकूर लिहून घेणाऱ्या मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून साबियालाही आत बसवलं होतं. शेवटचं वाक्य तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मॅडमनी दिग्विजय यांचं पूर्ण नाव विचारलं. ते मला माहीत नव्हतं. अण्णासाहेबही आपण होऊन ठाण्यात आले होते, बाहेरच्या बाकावर बसले होते आणि दार उघडं होतं. ते उठून दारात आले व म्हणाले, "दिग्विजय अण्णासाहेब भोईटे. मधलं नाव गाळू नका."

तेवढं नाव भरून घेतलं. आता सर्व मजकूर मी सांगितला तसाच आहे, म्हणून खाली सही करतो.

हनीफ चांदभाई मुलाणी